केप कँपबेलचा कोळी

न्यूझीलंडच्या उत्तर आणि दक्षिण बेटांना वेगळं करणारी कुकची सामुद्रधुनी तिथल्या खलाशांना आजही धाकात ठेवते. दोन्ही बाजूंच्या डोंगरांमध्ये कोंडलेला वारा या चिंचोळ्या वाटेनं जोरात सुटतो आणि भरती-ओहोटीचे प्रवाह एकमेकांना छेदत धावतात. या सामुद्रधुनीच्या दक्षिणेकडच्या तोंडाशी, दक्षिण बेटाच्या ईशान्य टोकाला, केप कँपबेल आहे. 1770 मध्ये कॅप्टन जेम्स कुकनं हे नाव ब्रिटिश नौदलातल्या जॉन कँपबेल या अधिकाऱ्यावरून दिलं. शंभर वर्षांनी, 1870 मध्ये, इथे दीपगृह पेटलं. मागे उजाड टेकड्या, पुढे ओहोटीला उघडे पडणारे खडकांचे लांबच लांब कट्टे, आणि जवळपास वस्ती जवळजवळ नाही.

या जागी सी. एच. रॉब्सन नावाचे गृहस्थ राहत होते. निसर्गात दिसेल ते टिपून ठेवायची आणि विशेष वाटेल ते वेलिंग्टनच्या विद्वानांना कळवायची त्यांना सवय होती. या किनाऱ्यावर वाहून आलेल्या महाकाय माकुलांची माहितीही त्यांनीच वेलिंग्टनला पुरवली होती. त्या काळच्या शास्त्रज्ञांना असल्या राक्षसी प्राण्यांचं भारी आकर्षण होतं. रॉब्सन यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला तो जीव मात्र बोटाच्या पेराहून लहान होता.

भरतीला पूर्ण बुडणाऱ्या खडकांत त्यांना एक कोळी राहताना दिसला. दगड पोखरणाऱ्या शिंपल्यांनी पाडलेली आणि आता रिकामी झालेली भोकं हे त्याचं घर होतं. भोकाच्या तोंडाशी त्यानं रेशमाचा पडदा विणलेला होता. भरतीचं पाणी चढलं की हे घर समुद्राखाली जाई, आणि ओहोटी आली की कोळी जिवंत बाहेर येई. रॉब्सन यांनी त्यावर टिपण लिहिलं. 1877 मध्ये ते वेलिंग्टनच्या तत्त्वज्ञान मंडळापुढे आलं आणि न्यूझीलंड इन्स्टिट्यूटच्या वार्षिक ग्रंथमालेत ‘केप कँपबेल इथे सापडलेला सागरी कोळी’ अशा अर्थाच्या मथळ्यानं छापलं गेलं.

हे टिपण किती धाडसाचं होतं, ते समजायला कोळ्यांचं कुळ थोडं पाहावं लागेल. कोळी हा मुळात जमिनीवरचा प्राणी आहे. त्याच्या पोटाच्या खालच्या बाजूला पुस्तकाच्या पानांसारख्या पातळ पापुद्र्यांची फुप्फुसं असतात. त्या पापुद्र्यांमधून हवा खेळते आणि प्राणवायू रक्तात उतरतो. कल्ले कुठल्याच कोळ्याला नसतात. आज जगात कोळ्यांच्या 50,000 हून अधिक जातींची नोंद झालेली आहे. वाळवंटात, बर्फाळ शिखरांवर, गुहांच्या काळोखात, माणसाच्या घराच्या कोपऱ्यात, सगळीकडे ते पोचले. पृथ्वीचा सर्वांत मोठा भाग व्यापणाऱ्या समुद्रात मात्र त्यांना जवळजवळ शिरकाव करता आला नाही. जे थोडे गेले ते काठाशी थांबले, आणि त्यांतही लाटांच्या थेट माऱ्यात, भरतीरेषेच्या बऱ्याच खाली घर करणारे अगदी मोजके आहेत. रॉब्सन यांच्या खडकातला कोळी त्या मोजक्यांपैकी होता.

एक कोळी, दोन नावं

टिपण पोचलं ते जेम्स हेक्टर यांच्या हातात. एडिंबरोमध्ये जन्मलेले आणि वैद्यकाचं शिक्षण घेतलेले हेक्टर तरुणपणी कॅनडाच्या रॉकी पर्वतातल्या शोधमोहिमेवर होते. तिथे 1858 मध्ये त्यांच्याच घोड्यानं त्यांना लाथ मारली. ते मेलेच असं सोबत्यांना वाटलं, पण ते वाचले, आणि त्या खिंडीला ‘किकिंग हॉर्स’ हे नाव कायमचं चिकटलं. पुढे ते न्यूझीलंडला आले आणि 1865 पासून तिथल्या भूगर्भ सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. वेलिंग्टनचं वसाहत संग्रहालय त्यांच्याच देखरेखीखाली होतं आणि न्यूझीलंड इन्स्टिट्यूटचा कारभार व तिची ग्रंथमालाही तेच पाहत. देशात कुठेही नवा दगड, नवं हाड किंवा नवा किडा सापडला, की तो शेवटी हेक्टर यांच्या टेबलावर येई.

रॉब्सन यांच्या टिपणाला जोडून हेक्टर यांनी स्वतःची छोटी नोंद छापली आणि कोळ्याला ‘आर्गिरोनेटा मरिना’ असं नाव दिलं. पाण्याखाली राहणारा कोळी म्हणून त्या वेळी युरोपात एकच जात सगळ्यांच्या ओळखीची होती, ती म्हणजे तळ्या-डबक्यांतला आर्गिरोनेटा. स्वीडनच्या कार्ल क्लेर्क यांनी 1757 मध्ये तिचं वर्णन केलं होतं. हा कोळी पाणवनस्पतींमध्ये रेशमाचा घुमट विणतो, पृष्ठभागावर येऊन अंगाला चिकटलेला हवेचा बुडबुडा खाली नेतो आणि तो घुमटात सोडतो. समुद्रातला नवा कोळी त्याचाच भाऊबंद असणार, असा हेक्टर यांचा तर्क होता.

तो तर्क टिकला नाही. क्राइस्टचर्चचे डॉक्टर लुएलिन पॉवेल रुग्ण तपासता तपासता कोळ्यांचाही अभ्यास करत. त्यांनी केप कँपबेलचा कोळी बारकाईनं पाहिला. पुढे झेपावलेले लांब जबडे, त्यांवरचे मोठे विषदंत, डोळ्यांची मांडणी, यांतलं काहीच युरोपातल्या तळ्यातल्या कोळ्याशी जुळत नव्हतं. जुळत होतं ते एका वेगळ्याच प्रजातीशी. 1837 मध्ये फ्रेंच अभ्यासक वाल्केनेअर यांनी पॅसिफिककडून आलेल्या नमुन्यावरून ‘डेसिस’ ही प्रजाती मांडली होती. आपल्याकडचा कोळी त्यातलाच आहे, हे पॉवेल यांनी ओळखलं आणि शोधणाऱ्याच्या सन्मानार्थ त्याचं नाव ‘डेसिस रॉब्सोनी’ ठेवलं. त्याच ग्रंथमालेच्या पुढच्या खंडात त्यांचा लेख आला.

आता एकाच कोळ्याला दोन नावं झाली. प्राण्यांच्या नामकरणाचा नियम अशा वेळी कुणाचाच मुलाहिजा ठेवत नाही. जातीचं नाव जे आधी छापलं गेलं तेच चालतं. प्रजाती चुकली असेल तर तेवढी बदलायची. त्यामुळे पॉवेल यांनी ओळखलेली प्रजाती राहिली, हेक्टर यांचं जातिनाम राहिलं, आणि कोळी झाला ‘डेसिस मरिना’. हेक्टर यांचं नाव त्यापुढे कंसात लिहितात. मूळ नाव त्यांनी दुसऱ्या प्रजातीखाली दिलं होतं, याची ती खूण. पॉवेल बरोबर होते, तरी त्यांनी दिलेलं नाव मागे पडलं. जो माणूस ओहोटीला खडकांत वाकून पाहत होता, त्या रॉब्सन यांचं नाव अशा रीतीनं अधिकृत यादीतून वगळलं गेलं आणि फक्त जुन्या पर्यायी नावात उरलं. नियमानुसार ते योग्यच झालं. तरीही या कोळ्याची गोष्ट सांगताना रॉब्सन यांना पहिला मान द्यायला हवा असं मला मनापासून वाटतं, कारण हेक्टर आणि पॉवेल या दोघांकडेही पाहण्यासारखं जे काही होतं, ते रॉब्सन यांनी आधी पाहिलं होतं.

लक्षद्वीपपर्यंतचा धागा

पुढच्या पन्नास वर्षांत हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या काठाकाठानं डेसिसचे सोयरे सापडत गेले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आर. आय. पोकॉक तेव्हा कोळी आणि विंचू सांभाळत होते. ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरच्या ग्रंथमालेतला कोळी-विंचवांचा खंड 1900 मध्ये त्यांनीच लिहिला. 1902 मध्ये त्यांनी डेसिस प्रजातीच्या सागरी कोळ्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्या सुमाराला त्यांच्याकडे झांझिबारहून सिरिल क्रॉसलंड यांनी आणलेले नमुने आले, तर ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतातून शंखशिंपले गोळा करणाऱ्या केन्यन बाईंनी पाठवलेले. दोन्ही जाती नव्या ठरल्या. एकीला क्रॉसलंड यांचं नाव मिळालं, दुसरीला केन्यन बाईंचं.

मग पाळी आली आपल्या बाजूच्या समुद्राची. केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ जे. स्टॅन्ले गार्डिनर 1899 आणि 1900 मध्ये मालदीव आणि लक्षद्वीप बेटांवर प्रवाळांचा अभ्यास करत होते. ही बेटं बनली कशी, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. पण प्रवाळाच्या खडकांवर जे जे हलताना दिसलं ते ते त्यांनी बाटल्यांत भरलं आणि इंग्लंडमधल्या तज्ज्ञांमध्ये वाटून दिलं. त्यातले कोळी पोकॉक यांच्याकडे गेले, आणि 1904 मध्ये लक्षद्वीपच्या समुद्रकोळ्याचं नाव ‘डेसिस गार्डिनेरी’ असं छापलं गेलं.

त्यानंतर मद्रास सरकारच्या संग्रहालयाचे अधीक्षक एफ. एच. ग्रेव्हली यांची नजर मन्नारच्या आखाताकडे वळली. रामेश्वरम आणि पांबनच्या जवळ क्रुसडाई नावाचं छोटं बेट आहे. त्याभोवती प्रवाळ, समुद्रगवत आणि चिखलाचे पट्टे इतके जवळजवळ आहेत, की एका ओहोटीत समुद्रातल्या प्राण्यांची निम्मी कुळं डोळ्यांखालून जातात. संग्रहालयानं या बेटाच्या किनाऱ्यावरच्या जीवांची पद्धतशीर यादी केली आणि 1927 मध्ये ती पत्रिकेत प्रसिद्ध केली. त्या यादीत ग्रेव्हली यांनी ‘डेसिस इनर्मिस’ या नव्या जातीचं वर्णन दिलं. भारताच्या मुख्य किनाऱ्यालगत समुद्रकोळी आहे, ही नोंद अशी प्रवाळ, खेकडे आणि शंखांच्या गर्दीत झाली.

यांतला एकही जण समुद्रकोळी शोधायला म्हणून घराबाहेर पडला नव्हता. गार्डिनर प्रवाळांसाठी गेले होते, केन्यन बाई शिंपल्यांसाठी, ग्रेव्हली पूर्ण बेटाच्या मोजणीसाठी. कोळी सापडला तो ओहोटीच्या वेळी खाली वाकून शांतपणे पाहणाऱ्यांना. समुद्रकिनारा पाहण्याचा तास रोज बदलतो, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत खाली जातं, आणि नेमके त्याच वेळी उघडे पडणारे खडक हे या कोळ्याचं घर. भरतीच्या वेळी येऊन किनारा बघून जाणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही.

श्वासाचं कोडं

नावं मिळत गेली, पण मुख्य प्रश्न तसाच राहिला. हवेवर जगणारा हा जीव भरतीखाली तासन्‌तास जगतो कसा?

याचं पहिलं सविस्तर उत्तर दक्षिण आफ्रिकेतून आलं. केप द्वीपकल्पावरच्या कोमेटी गावाजवळ किनाऱ्याला लागून ‘द आयलंड’ नावाचा खडकाळ भाग आहे. तिथे बी. एच. लामोराल यांनी डेसिस फॉर्मिडाबिलिस या जातीचा पाठपुरावा केला आणि 1968 मध्ये तो अभ्यास नाताळ म्युझियमच्या वार्षिकात छापला. खडकाच्या फटींत आणि रिकाम्या शिंपल्यांत विणलेली घरटी, त्यांत अडकून राहणारी हवा, कोळ्याच्या अंगावरची पाण्याला दूर ठेवणारी दाट लव, हे सगळं त्यांनी भरती-ओहोटीच्या पातळीसह नोंदवलं. प्रयोगशाळेतल्या मेलेल्या नमुन्यावरून जे कळणं शक्य नव्हतं, ते किनाऱ्यावर राहून कळलं.

मग गोष्ट पुन्हा न्यूझीलंडला आली. दक्षिण बेटाच्या किनाऱ्यावर बुल केल्प नावाचं प्रचंड समुद्रशेवाळ उगवतं. चामड्यासारखे जाड, कित्येक मीटर लांबीचे पट्टे लाटांवर फटकारे मारत असतात. नाय ताहू या माओरी जमातीचे लोक या पट्ट्यांच्या पोकळ पिशव्या करतात आणि त्यांत समुद्रपक्ष्यांचं मांस चरबीत बुडवून साठवतात. या पिशव्यांना पोहा म्हणतात. हे शेवाळ खडकाला ज्या भक्कम बुडख्यानं धरून राहतं, तो किडे आणि शिंपले पोखरतात. आतून तो पोकळ्यांनी भरून जातो, आणि त्या पोकळ्या डेसिस मरिनाला राहायला मिळतात. लाटा जिथे सर्वांत जोरात आपटतात, त्याच जागी बुडख्याच्या आत रेशमाचं अस्तर लावलेली कोरडी खोली असते. तिथेच अंड्यांच्या पिशव्या ठेवल्या जातात आणि पिल्लं बाहेर पडण्याजोगी होईपर्यंत तिथेच वाढतात.

कँटरबरी विद्यापीठाचे कॉलिन मॅक्ले आणि डी. जे. मॅक्वीन यांनी हा प्रश्न सरळ शब्दांत विचारला: हा कोळी पाण्याखाली इतका वेळ राहतो तरी कसा? 1983 मध्ये त्यांचं उत्तर न्यूझीलंडच्या प्राणिशास्त्राच्या नियतकालिकात आलं. समुद्र खवळलेला असला आणि ओहोटीही पुरेशी खाली गेली नाही, तर खालच्या पातळीवरचं घरटं 19 दिवसांपर्यंत सलग पाण्याखाली राहू शकतं. तेवढ्या काळात कोळी आतल्याच हवेवर तगतो. याची कारणं अनेक आणि एकमेकांत गुंतलेली आहेत. घरट्याची पोकळी कोळ्याच्या मानानं मोठी असते, म्हणून हवेचा साठा बरा असतो. कोळ्याचा प्राणवायूचा खर्च जमिनीवरच्या त्याच्या सोयऱ्यांपेक्षा कमी असतो. आणि हवेतला प्राणवायू उतरत गेला तरी तो बराच काळ सोसू शकतो. थोडक्यात, दार बंद करून, हालचाल जवळजवळ थांबवून, पाणी उतरायची वाट पाहणं हीच त्याची युक्ती. युरोपातल्या तळ्यातला आर्गिरोनेटा वर जाऊन हवा आणतो. हा आणत नाही, तो आहे तेवढी पुरवून वापरतो. हेक्टर यांनी ज्या दोघांना एका घरात बसवलं होतं, त्यांच्या जगण्याच्या रीती इतक्या वेगळ्या निघाल्या.

जेवणाचा वेळही समुद्रच ठरवतो. ओहोटी रात्रीच्या अंधारात आली की कोळी दारातून बाहेर पडतो आणि खडकांवर, शेवाळाच्या पट्ट्यांखाली, कोळंबीच्या दूरच्या नात्यातले बारीक कवचधारी जीव पकडतो. जमिनीवरचे बहुतेक कोळी ज्या किड्यांवर जगतात त्यांच्याकडे तो पाहतही नाही. मॅक्ले आणि टी. एल. हेवर्ड यांनी 1987 मध्ये त्याचं प्रजनन आणि संख्येतले चढउतार तपशीलवार मांडले, आणि अखेर या कोळ्याचा जीवनक्रम सलगपणे वाचता येऊ लागला.

या हिशोबाकडे जरा थांबून पाहिलं पाहिजे. नाव 1877 चं. श्वासाचं उत्तर 1983 चं. मधली 106 वर्षं हा कोळी जगातल्या ग्रंथांत नोंदलेला होता, तज्ज्ञ त्याच्या जबड्यांची लांबी सांगू शकत होते, पण तो जगतो कसा हे सांगता येत नव्हतं. एखाद्या जीवाला नाव दिलं की त्याची ओळख झाली, असा आपला समज असतो. डेसिस मरिनाचा इतिहास हा समज खोडून काढतो.

जमीन वर आली तेव्हा

14 नोव्हेंबर 2016 च्या मध्यरात्री दक्षिण बेटाचा ईशान्य भाग 7.8 तीव्रतेच्या भूकंपानं हादरला. कायकोरा भूकंप म्हणून तो ओळखला जातो. समुद्रकिनाऱ्याचा शंभर किलोमीटरहून लांब पट्टा वर उचलला गेला, काही ठिकाणी तर सहा मीटरच्या आसपास. उचलला गेलेला हा पट्टा केप कँपबेलपर्यंत पसरलेला होता. रात्रीपर्यंत पाण्याखाली असलेले खडक सकाळी उन्हात होते. त्यांच्यावरचं बुल केल्प काही दिवसांत सुकून, कुजून गेलं, आणि कोळ्याला आसरा देणारे बुडखे समुद्राच्या आवाक्याबाहेर गेले. समुद्राच्या खालच्या पातळीवर जगणाऱ्या जीवांचं आयुष्य किती अरुंद पट्ट्यात बांधलेलं असतं, हे त्या एका रात्रीत दिसलं. त्या पट्ट्याच्या वरही त्यांना जगता येत नाही आणि खालीही नाही. जमीन हलली, समुद्र तापला किंवा किनाऱ्यावर भर टाकली, की त्यांचं घर पहिलं जातं.

याच काळात समुद्रकोळ्यांचा इतिहास मात्र उजळत होता. 2016 मध्ये अमॉरोबिऑइडिस या दुसऱ्या एका प्रजातीच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे कोळी भरतीरेषेच्या वर, लाटांचे तुषार पडतात त्या खडकांत राहतात. दक्षिण अमेरिकेतून निघून, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड असं करत हे कोळी सुमारे 80 लाख वर्षांत पुन्हा चिलीच्या किनाऱ्याला लागले, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. समुद्रात तुटून वाहत जाणाऱ्या शेवाळासारख्या तराफ्यांनी त्यांना नेलं असावं, असं अभ्यासक मानतात. पुढच्याच वर्षी क्वीन्सलँड म्युझियमच्या बार्बरा बेअर आणि रॉबर्ट रेव्हन यांनी हॅम्बुर्गच्या डॅनिलो हार्म्स यांच्यासोबत पोर्ट डग्लसच्या प्रवाळांतून डेसिसची नवी जात जाहीर केली. बॉब मार्लीच्या भरती-ओहोटीवरच्या गाण्याची आठवण ठेवून तिचं नाव ‘डेसिस बॉबमार्लेयी’ ठेवलं. त्या नावामुळे जगभरच्या वर्तमानपत्रांत समुद्रकोळ्याची बातमी झळकली. रॉब्सन यांच्या टिपणाला तेव्हा 140 वर्षं झाली होती.

मला या बातमीचा आनंद आहे, पण तिच्यामागची जबाबदारीही दिसते. नवं नाव छापून येणं ही सुरुवात असते. लक्षद्वीपचा डेसिस गार्डिनेरी आणि क्रुसडाईचा डेसिस इनर्मिस या दोन जाती आपल्या देशाच्या प्रवाळांत सापडलेल्या आहेत, आणि तीच प्रवाळं आज तापणाऱ्या समुद्रात वारंवार पांढरी पडत आहेत. कोमेटीला लामोराल जसे एका खडकापाशी चिकटून राहिले, मॅक्ले आणि त्यांचे सहकारी जसे शेवाळाच्या बुडख्यांत डोकावत राहिले, तसं कुणीतरी आपल्या किनाऱ्यावर राहायला हवं. त्यासाठी मोठी जहाजं किंवा दूरच्या मोहिमा लागत नाहीत. किनाऱ्याजवळचं एखादं महाविद्यालय, एखादा शिक्षक, पंचांग पाहून उधाणाची ओहोटी गाठणारे चार विद्यार्थी, आणि वर्षानुवर्षं एकाच जागेच्या नोंदी ठेवायची चिकाटी एवढं पुरेसं आहे. केप कँपबेलच्या कोळ्याचा पहिला अभ्यास अशाच माणसाच्या हातून झाला, आणि आपल्या समुद्रकोळ्यांच्या अभ्यासाची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी.